डॉट कुठे बसवायचा: स्लाइडवर, फ्रेमवर की नळीवर?

स्पर्धेच्या पिस्तुलावर रेड डॉट, म्हणजे काचेवर नेमाचा ठिपका दाखवणारी साइट, लावायचं ठरलं की सगळी चर्चा डॉटभोवतीच फिरते. काच केवढी, ठिपका किती एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), बॅटरी किती टिकते. बैठक, म्हणजे डॉट पिस्तुलाला जोडणारा भाग, मात्र दुकानदार देईल ती. खरं तर क्रम उलटा हवा. 30 मिलिमीटर लांबीच्या बैठकीत 0.05 मिलिमीटरचा ढिलेपणा राहिला, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मा, तरी 25 मीटरवर नेम चार सेंटिमीटरने चुकतो. 50 यार्डांवर तोच फरक साडेसात सेंटिमीटर होतो. बुल्सआयच्या (एका हाताने, कागदी लक्ष्यावर खेळायच्या अचूकतेच्या स्पर्धेच्या) 50 यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं अख्खं वर्तुळ 3.36 इंचांचं, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर व्यासाचं असतं. बैठक हलली तर डॉट कितीही महाग असो, तो जिथे दाखवतो तिथे गोळी जात नाही.

महाराष्ट्रातल्या रेंजवर जी पिस्तूल नेमबाजी चालते ती बहुतांशी आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांनी. तिथे उघडी साइटच लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं तेही पुढची माशी आणि मागची खाच जुळवूनच. त्यामुळे हे लिखाण मुख्यतः परदेशात राहून यूएसपीएसए आणि आयपीएससी या संघटनांच्या पळत-पळत नेम मारायच्या स्पर्धा, स्टील चॅलेंज (पोलादी लक्ष्यांवरची वेगाची स्पर्धा) किंवा बुल्सआय खेळणाऱ्या मराठी मंडळींच्या कामाचं आहे.

आधी नियम बघा, मग पिस्तूल

तुम्ही कोणत्या विभागात खेळणार यावर निम्मा निकाल लागतो. यूएसपीएसएच्या कॅरी ऑप्टिक्समध्ये डॉट थेट स्लाइडवरच, म्हणजे गोळी सुटली की मागे सरकणाऱ्या वरच्या भागावरच हवा, तोही स्लाइडचं मागचं टोक आणि पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) बाहेर पडण्याची खिडकी यांच्या मधल्या जागेत. फ्रेमला, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्याला, तो कोणत्याही प्रकारे जोडलेला चालत नाही. आयपीएससीच्या प्रॉडक्शन ऑप्टिक्समध्येही डॉट स्लाइडवरच लागतो, यूएसपीएसएच्या लिमिटेड ऑप्टिक्समध्येही तसंच. ओपन विभागात जागेचं बंधन नाही, म्हणून फ्रेमवरच्या बैठका तिथेच दिसतात. बुल्सआयमध्ये लक्ष्यावर प्रकाश टाकणारी साइट सोडली तर जागा तुमची तुम्ही ठरवायची.

कॅरी ऑप्टिक्स खेळायचं असेल तर तुमच्यापुढे एकच प्रश्न उरतो: स्लाइड कापून डॉट थेट बसवायचा की मधे प्लेट घालायची. बाकीच्यांनी पुढचा भाग नीट वाचावा.

डॉटने कोणाबरोबर हलायचं?

1911 हे जुनं पिस्तूल आणि त्याच्या घराण्यातल्या बहुतेक पिस्तुलांमध्ये नळी स्लाइडमध्ये अडकते आणि स्लाइड फ्रेमच्या रुळांवर सरकते. गोळी सुटते त्या क्षणी नळीचं सर्वांत पक्कं नातं स्लाइडशी असतं, फ्रेमशी त्यानंतर. डॉट स्लाइडवर असेल तर नळी आणि डॉट यांच्यामध्ये एकच सांधा येतो. डॉट फ्रेमवर असेल तर दोन सांधे येतात, आणि स्लाइड रुळांवर जितकी डुलेल तितका नेम भरकटतो.

हे मोजता येतं. पिस्तूल रिकामं करून फ्रेम मऊ जबड्यांच्या शिकंज्यात धरा, स्लाइड बंद ठेवा, तिच्या तोंडाजवळ डायल गेज लावा आणि बोटाने डावी-उजवीकडे दाबा. रुळांची लांबी 120 मिलिमीटर धरली तर तोंडाशी 0.1 मिलिमीटर हालचाल म्हणजे 25 मीटरवर दोन सेंटिमीटर. कारागिराने हाताने बसवलेल्या ओपन पिस्तुलात ही हालचाल जाणवतही नाही. कारखान्यातून आलेल्या साध्या पिस्तुलात ती सहज सापडते. अशा पिस्तुलाच्या फ्रेमवर डॉट लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, हे माझं ठाम मत आहे. आधी रूळ घट्ट करून घ्या, नाहीतर डॉट स्लाइडवर न्या.

मग ओपनवाले फ्रेमच का निवडतात? कारण त्यांना स्लाइड हलकी हवी असते. स्लाइड आणि नळी मिळून 450 ग्रॅम वजन मागे धावतं असं समजा. त्यावर 45 ग्रॅमचा डॉट ठेवला, ट्रिजिकॉनचा एसआरओ बॅटरीसकट एवढाच भरतो, की धावणारं वजन दहा टक्क्यांनी वाढलं. स्लाइडचा वेग तेवढा घटतो आणि ती पुढे येऊन आदळते तेव्हा पिस्तुलाचं तोंड जास्त खाली झुकतं. फ्रेमवरच्या डॉटचा हा भार स्लाइडवर नसतो. शिवाय नेमबाजाला ठिपका अखंड दिसत राहतो, वर उचलतो आणि परत येतो. स्लाइडवरचा ठिपका स्लाइडसोबत मागे-पुढे धावतो आणि दोन्ही टोकांना झटका खातो. दुसरी गोळी लवकर मारायची असेल तर हा फरक डोळ्याला लगेच कळतो.

झटक्याचा दुसरा परिणाम डॉटच्या आयुष्यावर होतो. स्लाइडवर डॉटची प्रत्येक गोळीमागे दोनदा जोरदार टक्कर होते, मागे एकदा आणि पुढे एकदा. बॅटरीचे संपर्क हलतात, ठिपका लुकलुकतो, स्क्रू सैल होतात. फ्रेमवर फक्त हाताला बसतो तेवढा धक्का. म्हणूनच सी-मोरच्या जुन्या लांबट डॉटसारखी मोठ्या काचेची साइट फ्रेमवर वर्षानुवर्षं चालते, पण स्लाइडवर ती सहसा दिसत नाही.

स्लाइडवर: थेट की प्लेटवर?

थेट बसवणं म्हणजे स्लाइडचा वरचा भाग मिलिंगने खोलवर कापून डॉटच्या तळाला बरोबर बसेल असा खड्डा करणं. त्यात डॉटच्या तळाच्या भोकांत जाणारे दोन खुंट ठेवले जातात. या खुंटांचं महत्त्व लोकांना फार उशिरा कळतं. खुंट आणि खड्ड्याच्या पुढच्या-मागच्या भिंती धक्का घेतात आणि स्क्रूंना फक्त खाली दाबून धरायचं काम उरतं. खुंट नसतील किंवा भिंतीला फट असेल तर सगळा आडवा धक्का दोन बारीक स्क्रूंवर येतो, आणि हे स्क्रू त्यासाठी बनवलेले नाहीत. ते आधी ढिले होतात, मग तुटतात.

मिलिंग करणाऱ्याला दोन गोष्टी विचाराच. खड्ड्याचा तळ नळीला समांतर किती अचूक येईल? 30 मिलिमीटरमध्ये 0.1 मिलिमीटरचा तिरपेपणा म्हणजे साडेअकरा एमओए, आणि तेवढं समायोजन तुम्ही पहिल्याच दिवशी खर्च करून बसता. दुसरा प्रश्न: खाली फायरिंग पिनच्या बोगद्यावर किती धातू शिल्लक राहील?

थेट कापलेली स्लाइड एकाच ठशाची, म्हणजे डॉटच्या तळाच्या एकाच आकाराची आणि भोकांच्या मांडणीची, होऊन बसते, म्हणून ठसा विचारपूर्वक निवडा. ट्रिजिकॉनच्या आरएमआरचा ठसा घेतलात तर आरएमआर, एसआरओ आणि होलोसनचे 507C व 508T बसतात. डॉक्टर (Docter) या कंपनीच्या डॉटचा ठसा व्होर्टेक्स व्हेनम आणि बरिस फास्टफायरलाही चालतो. डेल्टापॉइंट प्रोचा ठसा वेगळाच. ज्या ठशावर जास्त पर्याय मिळतात तोच कापून घ्यावा. आवडता डॉट उद्या बाजारातून गेला तर स्लाइड बदलायची पाळी येऊ नये.

ग्लॉक एमओएस किंवा सीझेड शॅडो 2 च्या ऑप्टिक्स आवृत्तीसारख्या पिस्तुलांत प्लेट येते. सोय मोठी, पण सांधे दोन झाले: स्लाइड आणि प्लेट, प्लेट आणि डॉट. ढिलं पडायला दुप्पट जागा. प्लेट वापरायचीच तर पोलादी घ्या, जी खाचेत पुढे-मागे अजिबात सरकत नाही अशी. स्क्रू न लावता प्लेट खाचेत ठेवा आणि बोटाने ढकला. टक टक आवाज आला तर ती परत करा. प्लेट पातळ असली की तिच्यातले आटेही मोजकेच असतात. स्क्रूचे चार-पाच फेरे तरी आट्यांत गेले पाहिजेत, दोन फेऱ्यांवर विसंबू नका.

मागच्या साइटच्या खाचेत, म्हणजे डव्हटेलमध्ये, बसणाऱ्या बैठकाही मिळतात. डॉट आवडतो का हे बघायला त्या ठीक. स्पर्धेसाठी मी त्या सुचवणार नाही. डॉट फार उंच जातो आणि मागे लटकल्यासारखा राहतो, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला ती बैठक तरफेसारखी उचकटली जाते.

स्क्रू लांब पडला तर काय होतं हे ग्लॉकमध्ये छान दिसतं. उजव्या बाजूच्या स्क्रूखाली एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) प्लंजरचा, म्हणजे त्याला दाबून धरणाऱ्या दांड्याचा, बोगदा जातो. स्क्रूचं टोक तिथे पोचलं की प्लंजर अडकतो, एक्स्ट्रॅक्टरची पकड बिघडते आणि पुंगळ्या आत राहू लागतात. माणूस मॅगझिन बदलतो, काडतुसातली दारू बदलतो, स्प्रिंग बदलतो, पण कारण मात्र वरच्या स्क्रूत असतं. डॉट बसवल्यावर सुटलेल्या स्लाइडमध्ये एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून बघा, तो मोकळा उघडून परत यायला हवा.

वाढलेल्या वजनासाठी स्प्रिंगही बदलावी लागू शकते. पूर्ण ताकदीच्या 9 मिमी काडतुसांना सहसा फरक पडत नाही. पण पॉवर फॅक्टर (गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार) 125 च्या जरा वर ठेवलेली मवाळ काडतुसं, किंवा बुल्सआयची सपाट तोंडाच्या गोळीची .45 वॉडकटर काडतुसं, वजनदार स्लाइड पूर्ण मागे नेत नाहीत. 1911 मध्ये नेहमीच्या 16 पौंडांऐवजी 14 किंवा 12, ग्लॉकमध्ये 17 ऐवजी 15, असं एकेक पायरी उतरा. ग्लॉकमध्ये फार खाली गेलात तर स्ट्रायकरची (काडतुसावर आदळणाऱ्या सुईची) स्प्रिंग स्लाइडला मागे खेचते आणि ती पूर्ण बंद होत नाही. याची तपासणी अशी: पिस्तूल रिकामं, तोंड वर सुरक्षित दिशेला, ट्रिगर दाबून धरलेला. स्लाइड मागे ओढून हळूहळू पुढे सोडा. ती स्वतःहून शेवटपर्यंत बंद झाली नाही तर स्प्रिंग कमजोर आहे.

फ्रेमवर: पुंगळी कुठून जाणार?

फ्रेमची बैठक डाव्या बाजूला तीन ते पाच स्क्रूंनी बसते आणि तिथून वळून स्लाइडच्या वर येते. म्हणजे डॉट नेमका पुंगळीच्या वाटेवर उभा राहतो. पुंगळी वर उडत असेल तर ती बैठकीच्या पोटावर आपटून परत खिडकीत पडते आणि स्लाइडमध्ये उभी अडकते. बैठकीच्या खालच्या बाजूला पितळेचे पिवळे ओरखडे दिसले की निदान झालंच. उपाय डॉट हलवणं हा नाही. इजेक्टर (पुंगळीला बाहेर उडवणारा भाग) आणि एक्स्ट्रॅक्टर जुळवून पुंगळी उजवीकडे, जवळपास आडवी, घड्याळाच्या तीनच्या आकड्याकडे जाईल असं करा. तेवढ्याने भागलं नाही तर डॉट 90 अंशांनी आडवा ठेवणारी बैठक घ्या. ती वरची वाट मोकळी करते आणि ठिपका नळीच्या जवळही आणते.

फ्रेमचे आटे पातळ धातूत असतात. स्क्रू घट्ट केल्यावर रिकॉइल स्प्रिंग काढून ठेवा आणि नुसती स्लाइड हाताने पुढे-मागे फिरवा. कुठेही खरखर लागली तर एखाद्या स्क्रूचं टोक आतून बाहेर आलं आहे. तेवढंच टोक घासून काढा, वॉशर घालून उंचावू नका. वॉशरने बैठकीची पकड जाते.

डॉट वर असल्याने स्लाइड मागून धरता येत नाही, म्हणून रॅकर, म्हणजे स्लाइड ओढायचा दांडा, लागतो. तो बैठकीला कुठे घासत नाही ना, हे स्लाइड पूर्ण मागे असताना आणि अर्ध्यावर असताना, दोन्ही वेळा बघा. ओपनमध्ये 124 ग्रेनच्या गोळीला यूएसपीएसएचा मेजर फॅक्टर 165 गाठायला सेकंदाला साधारण 1330 फूट वेग लागतो, आणि त्यातला बराच गॅस कॉम्पेन्सेटरमधून (नळीच्या तोंडाशी बसवलेल्या, झटका कमी करणाऱ्या भागातून) वर उडतो. बैठक पुढे सरकवली की काच लवकर काळी पडते. आणखी एक: फ्रेमवर डॉट असलेलं पिस्तूल साध्या होल्स्टरमध्ये जात नाही, रेस होल्स्टर लागतं. तो खर्च आधीच धरा.

उंची

नळीच्या मध्यापासून काचेच्या मध्यापर्यंतची उंची जवळच्या लक्ष्यांवर त्रास देते. 25 मीटरवर शून्य केलेलं, म्हणजे तिथे ठिपका आणि गोळी जुळवलेलं, पिस्तूल 3 मीटरवर त्या उंचीच्या सुमारे 88 टक्के खाली मारतं. उंची 25 मिलिमीटर असेल तर 22 मिलिमीटर खाली, उंची 50 असेल तर 44 खाली. यूएसपीएसएच्या लक्ष्यावर डोक्यातला ए झोन (सर्वाधिक गुणांचा भाग) फक्त 4 इंच रुंद आणि 2 इंच उंच, म्हणजे सुमारे 10 बाय 5 सेंटिमीटर असतो. उंच बैठकीवर त्याच्या मध्याला नेम धरलात तर गोळी झोनच्या खाली जाते. खाली नो-शूट (मारायचं नसलेलं लक्ष्य) लावलेलं असेल तर दंडही बसतो. हे फरक 3, 5, 7 आणि 10 मीटरवर प्रत्यक्ष मारून लिहून ठेवा. लांबच्या लक्ष्यांवर उंचीचा काहीच फरक पडत नाही, म्हणून बुल्सआयवाले तिची पर्वा करत नाहीत आणि ते बरोबर आहे.

पुढे की मागे?

काच डोळ्याजवळ असली की ठिपका लवकर सापडतो, असं बऱ्याचदा सांगतात. हिशेब वेगळं सांगतो. पिस्तूल वर घेताना ते मनगटात वळतं. एका अंशाच्या चुकीने ठिपका काचेच्या मध्यापासून किती सरकेल हे डोळा आणि मनगट यांच्यातल्या अंतरावर ठरतं, काच मनगटाच्या किती पुढे आहे यावर नाही. कारण काचही त्याच वळणाबरोबर वर-खाली होते. डोळा ते मनगट 50 सेंटिमीटर आणि काचेची स्वतःची उंची, खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत, 25 मिलिमीटर धरली तर ठिपका सुमारे 1.4 अंशांच्या चुकीपर्यंत दिसतो. काच पाच सेंटिमीटर पुढे नेली तरी तेवढाच. ठिपका सापडत नसेल तर काच मोठी घ्या किंवा पकड सुधारा. बैठक पुढे-मागे करण्यात वेळ घालवू नका.

जागा बदलल्याने बदलतो तो तोल. बुल्सआय एका हाताने खेळतात, तिथे शंभर ग्रॅमची नळकांडी साइट पुढे गेली की तोंड जड होतं. काहींना ते स्थिर वाटतं, काहींचा हात दहाव्या गोळीला थकतो. इथे नियम नाही. दोन-तीन खाचा असलेल्या पट्टीवर डॉट सरकवून, प्रत्येक जागी दहा-दहा गोळ्या मारून ठरवा.

.22 चं काम सोपं

रगर मार्क 4 मध्ये नळी आणि रिसीव्हर एकसंध असतात, फक्त आतला बोल्ट हलतो. रिसीव्हरवर पट्टी लावा, डॉट नळीशी पक्का आणि झटक्यापासून लांब. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 41 मध्ये मागची साइटच नळीच्या मागे वाढवलेल्या भागावर असते, म्हणून डॉटही नळीवर जातो आणि नळी काढून परत बसवली तरी शून्य फारसं हलत नाही. स्टील चॅलेंजला रिमफायरने, म्हणजे अशा .22 पिस्तुलाने, सुरुवात करणाऱ्यांना बैठकीची डोकेदुखी जवळपास नसते, आणि शिकायला ही फार चांगली जागा आहे.

प्रत्यक्ष बसवताना

मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. आटे आणि स्क्रू दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नव्या स्क्रूंवर कारखान्याचं तेल असतं आणि ते पुसलेलं असेल तर लॉकटाइट (आट्यांतला गोंद) जास्त चांगलं धरतं. निळं 243 पुरे, स्क्रूच्या पुढच्या आट्यांवर एक छोटा थेंब. जास्त लावलं तर ते डॉटच्या तळात जाऊन बॅटरीच्या संपर्कापर्यंत पोचतं. लाल कधीही नको, डॉट काढताना आटे उपटून येतात.

डॉट खड्ड्यात पुढच्या भिंतीला टेकवून धरा आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. आरएमआरला 12 इंच-पौंड, म्हणजे साधारण 1.4 न्यूटन-मीटर. इतरांना त्यांच्या पुस्तिकेत असेल ते, बहुधा 12 ते 15 च्या आत. हा आकडा इतका लहान आहे की हाताच्या अंदाजाने सहज ओलांडला जातो, म्हणून टॉर्क ड्रायव्हर घ्याच. एल आकाराच्या चावीने आवळून डोकं फिरवलेले स्क्रू फार दिसतात. 24 तास हात लावू नका. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून डॉटच्या अंगापर्यंत पेंट पेनने एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

शून्य करताना आधी 10 मीटरवर कागदावर आणा, मग 25 मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारा आणि त्यांच्या मध्यावरून क्लिक फिरवा. एकेका गोळीमागे क्लिक फिरवू नका. 25 मीटरवर 1 एमओए म्हणजे 7.3 मिलिमीटर आणि 6 एमओएचा ठिपका 44 मिलिमीटर झाकतो. अचूक गट हवे असतील तर शून्य करताना त्याची चमक कमी करा.

पहिल्या 200 गोळ्यांनंतर रेघा बघा. गट हळूहळू फुगत असेल, पण मध्य जागेवरच असेल, तर बैठक हलते आहे. मध्य एका बाजूला सरकत असेल तर डॉटचं समायोजन किंवा प्लेट सरकते आहे. गट चांगला, पण ठिपका मधूनच विझतो, तर बॅटरीचा संपर्क. ज्या डॉटची बॅटरी तळातून जाते, उदाहरणार्थ आरएमआर टाइप 2, त्याची बॅटरी बदलायला डॉट काढावा लागतो आणि प्रत्येक वेळी स्क्रू नवे घालावे लागतात. वापरलेले स्क्रू पुन्हा वापरू नका. त्याच मापाचे चार स्क्रू, टॉर्क ड्रायव्हर आणि लॉकटाइटची कुपी रेंजच्या पिशवीत राहू द्या. स्पर्धेत डॉट निघून आला तर निदान दुसऱ्या दिवसाच्या स्टेजपर्यंत तो परत बसवता येतो.